थांबलीस कशाला?

तळवलीचे मिस्त्री गाडीला काय झालंय हे आधी विचारत नसत. समोरचा माणूस सांगायला लागायचा, गाडी कुठे बंद पडली, कसला आवाज आला, कुठला दिवा लागला. मिस्त्री हात वर करून त्याला गप्प करायचे. मलाही त्यांनी पहिल्या भेटीत तसंच गप्प केलं होतं. बॉनेट उघडलं नाही, चावी मागितली नाही. खिडकीशी वाकून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. आदी सांग, तू थांबलीस कशाला?"

माझे यजमान, अरुण, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. लायसन्स माझ्याकडे वीस वर्षांपासून होतं, पण गाडी नेहमी तेच चालवायचे. ते गेल्यावर मी घणसोलीच्या आतल्या रस्त्यांवर पहाटे सराव केला आणि हळूहळू वाशी, बेलापूरपर्यंत एकटी जाऊ लागले. तेव्हाच गाडीने हे नवं सुरू केलं. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. पण कुठे जाऊन, काम करून पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन चावी फिरवली, की नुसती घरघर. इंजिन फिरायचं, पेट घ्यायचं नाही. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर कशीबशी खोकत उठायची, नाहीतर तासभर वाट बघायची. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा दिली. त्यांनी एकदा बॅटरी बदलली, एकदा स्टार्टर. दोन्ही वेळेला दुसऱ्या दिवशी फोन आला की मॅडम, आमच्याकडे तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. बंगळुरूहून मुलगी दर रविवारी सांगायची, "आई, विकून टाक. रिक्षा आहेत, ॲप आहे." मी हो म्हणायचे आणि विषय बदलायचे.

त्या दुपारी तळवलीत मी मेडिकलसमोर थांबले होते. गोळ्या घेऊन आले तर गाडी सुरू होईना. मागे टेम्पो अडकला. ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला आणि वर ओरडतही होता. रस्त्यापलीकडच्या चार मजली इमारतीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, खाली हाफ पँट. ते उठून आले. टेम्पो त्यांच्या अगदी पाठीशी बोंबलत होता, पण त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, किती शांत माणूस आहे.

"औषधं घ्यायला थांबले," मी खिडकीत आलेल्या त्यांच्या कानाशी म्हणाले.

"किती वेळ?"

"दहा-बारा मिनिटं."

"त्याच्या आदी कुटं थांबलीस?"

"वाशीला बँकेत. वीस मिनिटं. तिथेही लवकर सुरू झाली नाही."

"आता चावीला हात लावू नको. बाजूला घेऊ आनि बस." त्यांनी टेम्पोवाल्यालाच खाली उतरायला लावून गाडी ढकलून घेतली, आणि आतून माझ्यासाठी दुसरी खुर्ची आणून मांडली.

आम्ही तासभर तिथे बसलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमचं गॅरेज कुठे आहे?" ते म्हणाले, "हां, उन्हाचा लय त्रास हाय औंदा." पुन्हा काही विचारलं, पुन्हा भलतंच उत्तर आलं. मग मीही गप्प बसले. तासाने गाडी मुकाट सुरू झाली. तेव्हा ते म्हणाले, "गरम गारीचा रोग गरम गारीतच दिसनार. तू ती थंड करून मेकॅनिकला देतेस. ताप उतरल्यावर डॉक्टरकडं गेलीस तर डॉक्टर काय बघनार? बुधवारी ये. गरम करून आन." गाडीला ते गारी म्हणत, आणि मला बाय. त्यांच्या गावात पोरीसोरींपासून म्हाताऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांनाच बाय म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी त्यांना काका म्हणू लागले.

त्यांचं गॅरेज आता नव्हतंच. घरची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली तेव्हा ते तरुण होते. तुर्भ्याच्या एका कारखान्यात जनरेटरच्या खोलीत लागले, तिथेच ट्रकची इंजिनं खोलायला शिकले, आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. रस्ता रुंद झाला तेव्हा शेड गेली. मुलगा जितू बांधकामाचं सामान पुरवतो. त्याने गावठाणातल्या जागेवर ही इमारत उभी केली. खालचे गाळे भाड्याने दिले. वर घर. जितूचं म्हणणं एकच होतं, की आता बाबांना गरज काय? त्यामुळे मिस्त्रींच्या हत्यारांची पेटी त्यांच्या कॉटखाली गेली आणि ते स्वतः खालच्या खुर्चीवर आले. येणारे-जाणारे हात करायचे. थांबत कोणी नव्हतं.

तर मी बुधवारी गेले. त्यानंतरचेही बुधवार गेले. दुपारी चारच्या सुमाराला ते तयार असायचे, इस्त्रीचा सदरा घालून. शेजारच्या सीटवर बसायचे, पट्टा लावायचे आणि खिडकीची काच वर करायला सांगायचे. मग आम्ही पामबीच रस्त्याने नेरूळच्या अंगाला जाऊन सारसोळ्याच्या जेट्टीपाशी गाडी बंद करून बसायचो. वीस मिनिटं. गाडी बंद केल्यावर इंजिनाची गरमी आत कोंडते आणि वाढते, ती पुरती वाढू द्यायची, मग चावी फिरवायची. वीस मिनिटं म्हणजे वीसच. एकोणिसाव्या मिनिटाला मी चावीला हात लावला तर माझ्या हातावर हलकेच चापट मारायचे. "घाई करू नको. तिला बिघरू दे नीट."

आणि गाडीत ते बोलायचे. खुर्चीवर दगडासारखे बसणारे हेच का ते, असं वाटावं इतकं. खाडीत बायका भरती-ओहोटीचा अंदाज घेऊन निवट्या, चिखलातली मासळी, धरायच्या ते, आताच्या मॉलच्या जागी त्यांची भाताची खळी होती ते, बायको पंधरा दिवसांच्या तापात कशी गेली ते. मी काही विचारलं तर बरोबर त्याचंच उत्तर द्यायचे. मीही बोलू लागले. घरी दिवसभरात माझं बोलणं म्हणजे दूधवाला, लिफ्टमध्ये भेटलेली शेजारीण आणि रविवारचा फोन. जेट्टीवर जाळी सुकत पडलेली असत, बंद काचांआड आम्ही दोघं घामाघूम व्हायचो, आणि ती वीस मिनिटं मला कमी पडायला लागली.

त्यांनी मला एक वही करायला लावली होती. गाडी जिथे जिथे थांबवेन ते लिहायचं. कुठे, किती वेळ, सुरू व्हायला किती सेल्फ लागले. आणि शेवटी, कशाला थांबले. हा शेवटचा रकाना मला कळत नव्हता, पण मी लिहायचे. नणंदेकडे, सहज. अरुणच्या ऑफिसात, कागदांसाठी. मैत्रिणीकडे, तिची सून बाळंत झाली म्हणून. तिसऱ्या की चौथ्या बुधवारी त्यांनी मला सगळी वही वाचून दाखवायला सांगितली. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "तू कुटंच अर्धा तास बसत नाय."

मी वहीत बघितलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. सगळीकडे तेच.

"नवरा होता तवा?"

"तेव्हा गेलो की दिवसभर जायचो. जेवून वगैरे यायचो."

"म्हनजे रोग तवापन असंल. गारी तवर थंड व्हायची, म्हनून दिसला नाय." ते समोर खाडीकडे बघत होते. टोचावं म्हणून बोलले नव्हते. त्यांना एक लक्षण सापडलं होतं, ते त्यांनी सांगितलं. मी मात्र वही मिटली. त्यांना सांगावंसं वाटत होतं की लोक चांगलेच वागतात, चहा करतात. पण अरुणची आठवण काढून झाली की बोलायला काही उरत नाही, आणि समोरच्याने घड्याळाकडे बघायच्या आत मीच उठते. मी हे बोलले नाही. पण त्यांनी पाण्याची बाटली उघडून माझ्याकडे दिली, आणि त्या दिवशी वीस मिनिटं उलटून गेली तरी चावी फिरव म्हणाले नाहीत.

त्याच्या पुढच्या बुधवारी त्यांनी एक परीक्षा सांगितली. "सेल्फ मारू नको. चावी अर्धी फिरव, आनि ऐक. मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप गुनगुनतो. येतो आवाज?"

"येतो. दोन सेकंद आला आणि थांबला."

"बंद कर. परत फिरव. आला?"

"आला. तुम्हाला नाही आला?"

त्यांनी चावीकडे बोट केलं. "तिसऱ्यांदा फिरव, आवाज थांबला की लगेच सेल्फ मार." मी मारला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. इतक्या दिवसांत गरम असताना ती पहिल्यांदाच अशी उठली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत नव्हते.

"डावा कान पुरा गेला," ते म्हणाले. "जनरेटरच्या खोलीत गेला. उजवा हाय थोरा. काचा बंद असल्या आनि मानूस उजवीकडं असला की कळतं. तू चालवतेस म्हनजे उजवीकडंच असतेस." पंपाची गुणगुण त्यांना कुठल्याच कानाने येत नव्हती. इंजिनाच्या आवाजावरून रोग सांगणारा म्हणून त्यांचं एकेकाळी नाव होतं. शेड गेली म्हणून त्यांनी काम सोडलं, असं सगळे समजत होते. शेड दुसरीकडेही टाकता आली असती.

"घरी माहीत आहे?"

"त्यांना वाटतं म्हातारा ऐकून सोडून देतो. तसं वाटलेलं बरं. बहिरा हाय कळला, तर रस्त्यावर गाऱ्या येतात म्हनून खाली बसू देनार नायत. वर नेऊन टीव्हीसमोर बसवतील." मग माझ्याकडे वळले. "बाय, तू नको सांगूस. शब्द दे." मी दिला.

पुढचं निदान सोपं होतं, निदान त्यांच्या दृष्टीने. त्यांनी पेटी कॉटखालून काढली, पेट्रोलच्या नळीत काट्याचं एक जुनं मीटर जोडलं आणि मला काट्याकडे बघायला सांगितलं. गाडी बंद केली आणि काटा घसरत घसरत तळाला आला. "बंद केल्यावर पेट्रोल नळीत दाबून ऱ्हायला पायजे. तुझ्या पंपाची झडप सैल झालीय, पेट्रोल मागं टाकीत पळतं. गरमीनं नळीत वाफ धरते आनि सेल्फला वाफच मिळते. तीनदा चावी फिरवलीस म्हनजे पंपानं वाफ ढकलून पेट्रोल भरलं." पुढून, इंजिनात पेट्रोल गळत असेल का, असंही त्यांनी तपासून घेतलं. तसं असतं तर सुरू होताना काळा धूर आला असता, पेट्रोलचा वास सुटला असता. दोन्ही नव्हतं.

पंप त्यांनी स्वतः बदलला. इमारतीच्या मागच्या अंगाला, सकाळी, टाकी जवळजवळ रिकामी करून. आधी मला बॅटरीची तार सोडायला लावली, ठिणगी नको म्हणून. मग मागची सीट उचलली, गोल झाकण काढलं. खाली वाकताना त्यांना दम लागत होता. "बस, आता बोटं माझं ऐकतात का बघू," असं ते स्वतःशीच म्हणाले. बोटांनी ऐकलं. तासाभरात नवा पंप बसला. त्यांचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते आणि ते हात धुवायला मुळीच घाई करत नव्हते.

मग आम्ही सारसोळ्याला गेलो. वीस मिनिटं थांबलो. मी एकदाच चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

"झाली," ते म्हणाले.

"हो, झाली."

थोडा वेळ इंजिन चालू ठेवून आम्ही तसेच बसलो. "आता बुधवारचं काम नाय," ते म्हणाले. मी "नाही ना," म्हणाले. तेवढंच. मग बिनकामाचं येऊ की, एवढं एक वाक्य दोघांपैकी कोणीतरी बोलायला हवं होतं. त्यांना गाडी दुरुस्त करायच्या निमित्ताशिवाय कोणाकडे जायची सवय नव्हती, आणि मला तर कुठल्याच निमित्ताने जास्त बसायची सवय उरली नव्हती.

त्यांना सोडायला गेले तेव्हा जितू खाली उभा होता. पन्नाशीला आलेला, अंगाने भरलेला, वागायला मऊ माणूस. "मॅडम, झाली ना गाडी? बरं झालं," तो म्हणाला. "रागवू नका, बाबांचं वय झालंय. कुटं कुटं जातात, घरी काय सांगत नायत. लोक पन विचारतात." लोक काय विचारतात ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. मिस्त्री बाजूलाच उभे होते. जितू त्यांच्या डाव्या अंगाला होता. त्यांना यातलं एक अक्षर कळलं नसणार. ते मला हात करून जिना चढून गेले.

गणपतीत मी मोदक घेऊन गेले. त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणली. भिंत आणि नळ यांच्यामध्ये ती त्यांच्या डावीकडेच मावत होती. रस्त्यावर ढोल चालले होते. मी ओरडून सांगितलं, गाडी छान चालतेय. त्यांनी मान हलवून विचारलं, "मुलगी आली का?" मी आणखी मोठ्याने बोलले तशी मेडिकलवाला आणि दोन बायका वळून बघायला लागल्या. वर गॅलरीत जितूची बायको उभी होती. गाडी दहा पावलांवर होती. चला काका, गाडीत बसू, असं म्हटलं असतं तर ते उठले असते. मी दहा मिनिटांत निघाले. त्यानंतर तो रस्ता मी आठवड्यातून दोनदा तरी ओलांडत होते. ते दिसले की मी काचेतून हात करायचे, आणि ते त्यांचा हात वर करायचे.

दिवाळीनंतर बरेच दिवस खुर्ची दिसली नाही. मेडिकलवाल्याला विचारलं. "मिस्त्री गेले ना, मॅडम. झोपेतच गेले. तेरावं पन झालं."

त्या घराचा जिना मी तेव्हा पहिल्यांदा चढले. जितू घरीच होता. त्याने बसवलं, त्याच्या बायकोने पाणी आणलं. फोटोला हार होता. बोलायला त्यानेच सुरुवात केली.

"एक विचारू, मॅडम? तुमच्याशी काय बोलायचे ते?" तो म्हणाला. "म्हनजे, आमच्याशी कदी धड बोललेच नायत. आई गेल्यापासून तर नायच. जेवायला शेजारी बसायचो आमी. मी दिवसभरातला सांगायचो, ते ताटात बघून जेवायचे. मना वाटायचं, शेती गेली, शेड गेली, त्याचा राग माझ्यावर काढतात. मग मी पन बोलायचा बंद केला."

मी विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला बसायचात?"

त्याला प्रश्न कळला नाही. मग त्याने जमिनीकडे बघून आठवलं आणि हाताने दाखवलं. डावीकडे.

मी सांगितलं. जनरेटरची खोली, डावा कान, बंद काचा, सगळं. त्याची बायको दारातून पुढे आली आणि तिथेच उभी राहिली. जितूचा फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"कदीपासून माहीत होता तुमाला?"

"मे महिन्यापासून."

"मग सांगितलं का नाय?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "त्यांनी शब्द घेतला होता." ते खरं होतं, आणि त्यालाही ते पटलं. त्याने मान हलवली. त्यांचं गुपित ठेवणारी मी एकटी होते, म्हणजे त्यांचा उजवा कान कुठे आहे हे माहीत असलेलीही मी एकटीच होते. मे महिन्यानंतर मी त्यांच्या त्या बाजूला किती वेळा जाऊन बसले, हे त्याने मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही.